चेंडू गमावल्यानंतरचा खेळ : भारतीय हॉकीच्या इतिहासाची एक दुर्लक्षित बाजू (१९२८ ते २०२४)

प्रस्तावना

भारतीय हॉकीचा इतिहास आपल्याकडे सामान्यतः दोन कालखंडांत सांगितला जातो. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकपासून १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकपर्यंतची सलग सहा सुवर्णपदके हे सुवर्णयुग, आणि १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकनंतरचा काळ म्हणजे ऱ्हासाचा काळ. या दोहोंमध्ये कृत्रिम हिरवळीची सीमारेषा आखली जाते. नैसर्गिक हिरवळीवर आपले चेंडूवरील प्रभुत्व निर्विवाद होते, कृत्रिम हिरवळीने ते हिरावून घेतले, असा या मांडणीचा सारांश होय. क्रीडाविषयक लेखनात, गौरवग्रंथांत आणि वर्गातील अध्यापनातही ही मांडणी इतकी रूढ झाली आहे की तिची चिकित्सा करण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही.

या मांडणीचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्यासारखे आहे. ती संपूर्णपणे चेंडू आपल्या ताब्यात असतानाच्या खेळाविषयी बोलते. ड्रिब्लिंग, छोटे पास, मनगटाचे कौशल्य, स्टिकची जादू या सर्व गोष्टी चेंडू आपल्याकडे आहे असे गृहीत धरतात. परंतु हॉकीच्या सामन्यात कोणत्याही संघाकडून चेंडू वारंवार निसटतो. पास अडवला जातो, चेंडू थांबवताना उसळतो, प्रतिस्पर्धी टॅकल करून तो काढून घेतो. अशा अकस्मात क्षणी त्या संघाचे अकरा खेळाडू काय करतात, या प्रश्नास आपल्या हॉकीच्या इतिहासात फारसे स्थान मिळालेले नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या आधारे भारतीय हॉकीच्या वाटचालीचा पुनर्विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची व्याप्ती आणि एक अडचण

प्रस्तुत लेख पुरुषांच्या हॉकीपुरता आणि प्रामुख्याने ऑलिंपिक, विश्वचषक व आशियाई स्पर्धांपुरता मर्यादित आहे. सामन्यांचे निकाल, खेळाच्या नियमांतील बदल आणि मैदानाच्या स्वरूपातील बदल या तीन गोष्टी एकत्र ठेवून त्यांचा परस्परसंबंध तपासणे, ही येथील विवेचनाची पद्धत आहे.

इतिहासाच्या अभ्यासकास यात एक मूलभूत अडचण येते. गोल झाला की त्याची नोंद होते. गोल कोणी केला, कितव्या मिनिटास केला, हे पुढील पिढीस कळते. चेंडू गमावल्याची मात्र नोंद होत नाही. एखादा गोल होण्यापूर्वी दहा सेकंद आधी मैदानाच्या दुसऱ्या टोकास कोणाचा पास चुकला, त्या वेळी मधली फळी कोठे होती, हे गोलफलक सांगत नाही. जे नोंदले जाते त्यालाच इतिहासात स्थान मिळते. परिणामी यशाचे श्रेय गोल करणाऱ्यास आणि अपयशाचा दोष गोलरक्षकास देण्याची प्रवृत्ती बळावते. या दोघांमध्ये असलेले नऊ खेळाडू आणि त्यांची रचना नजरेआड होते. ही केवळ लेखनपद्धतीची उणीव नाही. तिच्यामुळे व्यक्तींवर अन्याय झाल्याचे उदाहरण पुढे येणार आहे.

सुवर्णयुगातील बचाव

१९२८ ते १९५६ या काळातील सहा ऑलिंपिक स्पर्धांत भारताने एकूण १७८ गोल केले. हा आकडा सर्वत्र उद्धृत केला जातो. त्याच स्पर्धांत भारतावर केवळ ७ गोल झाले, हा आकडा त्यामानाने कमी सांगितला जातो. १९२८ मध्ये एकही नाही, १९३२ मध्ये २, १९३६ मध्ये १, १९४८ व १९५२ मध्ये प्रत्येकी २, आणि १९५६ मध्ये पुन्हा एकही नाही. इतक्या प्रदीर्घ काळात भारतीय खेळाडूंनी चेंडू कधी गमावलाच नसेल, हे संभवत नाही. याचा अर्थ, चेंडू गमावल्यानंतर तो परत मिळवण्याची कोणती तरी परिणामकारक व्यवस्था त्या संघांपाशी होती.

ही व्यवस्था समजून घेण्यासाठी तत्कालीन संघरचना पाहणे आवश्यक आहे. त्या काळी पाच आघाडीचे, तीन हाफबॅक, दोन फुलबॅक आणि एक गोलरक्षक अशी रचना सर्वमान्य होती. पाच आघाडीवीर चेंडू घेऊन पुढे जात, त्यांच्या मागे काही अंतरावर तीन हाफबॅक चालत. आघाडीच्या खेळाडूकडून चेंडू निसटला की तो बहुधा या हाफबॅकच्या फळीकडे येई आणि तेथून पुन्हा पुढे पाठवला जाई. सेंटर हाफ हा या रचनेचा कणा होता. आघाडीच्या खेळाडूंनी चेंडू गमावल्यानंतर धावत मागे येणे अपेक्षित नसे. त्यांनी पुढील संधीसाठी जागेवर थांबावे आणि चेंडू परत आणण्याचे काम मागच्यांनी करावे, अशी ही स्पष्ट श्रमविभागणी होती.

ही श्रमविभागणी यशस्वी होण्यामागे खेळाडूंच्या गुणवत्तेइतकाच दोन बाह्य घटकांचा वाटा होता. पहिला घटक म्हणजे ऑफसाइडचा नियम. १९७२ पूर्वीच्या नियमानुसार, पास दिला जात असताना चेंडूच्या पुढे असलेल्या आघाडीच्या खेळाडूच्या आणि गोलरेषेच्या दरम्यान प्रतिस्पर्ध्यांचे किमान तीन खेळाडू असणे आवश्यक होते. गोलरक्षक वगळल्यास केवळ दोन फुलबॅकच्या बळावर प्रतिस्पर्ध्याच्या आघाडीवीरांना मैदानाच्या मध्याजवळ रोखून धरता येई. त्यांपैकी एक फुलबॅक थोडा पुढे सरकला, तर त्याच्या पलीकडे उभा असलेला प्रतिस्पर्धी ऑफसाइड ठरे. त्यामुळे भारताने चेंडू गमावला तरी प्रतिस्पर्ध्यास एकाच लांब पासने गोलापर्यंत पोहोचता येत नसे.

दुसरा घटक म्हणजे मैदान. गवताच्या अथवा मुरमाच्या मैदानावर चेंडूची गती लवकर मंदावते आणि उसळी अनिश्चित असते. चेंडू हिसकावून घेणाऱ्या खेळाडूस तो प्रथम नीट थांबवावा लागे, मग पुढचा पास द्यावा लागे. तो पासही चाळीस-पन्नास मीटर सरळ जाईल, याची शाश्वती नसे. या विलंबात हाफबॅकना आपली जागा घेण्यास वेळ मिळे. थोडक्यात, चेंडू गमावण्याची किंमत त्या काळी कमी होती आणि ती चुकवण्यास सवड होती.

ही व्यवस्था अभेद्य होती, असेही नव्हे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकपूर्वी १७ जुलै रोजी झालेल्या सराव सामन्यात जर्मनीने भारतास ४-१ असे पराभूत केले होते. या पराभवाने ध्यानचंद यांच्यासह संघातील सर्वजण अस्वस्थ झाले आणि अली दारा यांना तातडीने भारतातून बोलावून घेण्यात आले. १५ ऑगस्ट रोजी झालेल्या अंतिम सामन्यात भारताने त्याच जर्मनीस ८-१ असे नमवले, आणि हा विजयच पुढे अजरामर झाला. सराव सामन्यातील पराभव मात्र एक किस्सा म्हणून उरला. विजयाच्या झगमगाटात पराभवाचा धडा कसा मागे पडतो, याचे हे आरंभीचे उदाहरण म्हणता येईल.

कृत्रिम हिरवळीपूर्वीचे बदल

ऱ्हासाचे कारण केवळ कृत्रिम हिरवळ होते, हे मत कालक्रमाच्या कसोटीवर पूर्णतः टिकत नाही. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये पाकिस्तानने भारताचा १-० असा पराभव केला, तो नैसर्गिक हिरवळीवर. १९६८ मध्ये मेक्सिको येथे आणि १९७२ मध्ये म्युनिक येथे भारतास कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. म्युनिक येथे पश्चिम जर्मनीने पाकिस्तानला १-० असे हरवून सुवर्णपदक मिळवले. १९२० नंतर प्रथमच हे पदक युरोपीय संघाकडे गेले होते. १९७३ मध्ये ॲम्स्टेलवीन येथील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारताने सुरजितसिंग यांच्या दोन गोलांमुळे आरंभीच २-० अशी आघाडी घेतली होती. तरीही नेदरलँड्सने बरोबरी साधली आणि पेनल्टी स्ट्रोकवर विजय मिळवला. हे सर्व कृत्रिम हिरवळीचे ऑलिंपिकमध्ये आगमन होण्यापूर्वीचे होय.

युरोपीय संघांनी या काळात खेळाचा वेगळा विचार केला होता. मनगटी कौशल्यात भारत-पाकिस्तानशी बरोबरी करणे कठीण आहे, हे त्यांनी ओळखले. म्हणून त्यांनी प्रतिस्पर्ध्यास चेंडू खेळण्यास सवडच मिळू नये, यावर भर दिला. पाच आघाडीवीरांची संख्या कमी करून मधली फळी दाट करण्यात आली. चेंडू गमावताच सर्वांत जवळच्या खेळाडूने, मग तो आघाडीचा असला तरी, लगेच दबाव आणावा आणि इतरांनी चेंडू व आपला गोल यांच्या मधे परतावे, ही शिस्त रुजवण्यात आली. जर्मनीत हिवाळ्यात सभागृहातील हॉकी मोठ्या प्रमाणावर खेळली जाते. लहान जागेत चेंडू गमावताच दुसऱ्याच क्षणी गोलरक्षकासमोर संकट उभे राहते. त्यामुळे तेथील खेळाडूंस आक्रमणातून बचावात तत्काळ शिरण्याची सवय लहान वयातच लागली असावी, असे अनुमान करण्यास जागा आहे.

१९७२ मध्ये ऑफसाइडच्या नियमात बदल होऊन तीनऐवजी दोन बचावपटूंची अट आली. बदल लहान वाटतो, परंतु त्याने जुन्या फुलबॅक पद्धतीचा पाया खिळखिळा केला. पुढे सरकून प्रतिस्पर्ध्यास ऑफसाइड ठरवणे आता अधिक जोखमीचे झाले.

१९७६ : हिरवळ आणि तिचा खरा परिणाम

माँट्रियल येथे ऑलिंपिक हॉकी प्रथमच कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली. साखळीत भारताचा ऑस्ट्रेलियाकडून ६-१ आणि नेदरलँड्सकडून ३-१ असा पराभव झाला आणि संघ सातव्या स्थानी राहिला. आदल्याच वर्षी क्वालालंपूर येथे विश्वचषक जिंकणाऱ्या संघाची ही स्थिती झाल्याने मैदानास दोष देणे स्वाभाविक होते.

या मैदानामुळे भारतीय खेळाचे नुकसान झाले, हे नाकारता येत नाही. सराव करण्यास अशी मैदाने देशात नव्हती, आणि पुढेही दीर्घकाळ ती मोजकीच राहिली. तथापि हे नुकसान नेमके कोठे झाले, याचा विचार आवश्यक आहे. सपाट पृष्ठभागावर ड्रिब्लिंग करणे उलट सोपे जाते, कारण चेंडू अकारण उसळत नाही. बदल झाला तो चेंडू गमावल्यानंतर. प्रतिस्पर्ध्याने अडवलेला चेंडू आता एका फटक्यात मैदानाच्या दुसऱ्या टोकास पोहोचू लागला. पूर्वी हाफबॅकना मिळणारी सवड नाहीशी झाली. पुढे गेलेले पाच आघाडीवीर परतण्यापूर्वीच गोलरक्षकासमोर प्रतिस्पर्धी उभा राहू लागला. कृत्रिम हिरवळीने भारतीय खेळाडूंचे कौशल्य हिरावले नाही. तिने त्यांच्या चुकीची किंमत वाढवली.

पाकिस्तानचे उदाहरण या निष्कर्षास पुष्टी देते. दोन्ही देशांची हॉकीची परंपरा एकच, स्टिकची घडण एकच, घरच्या मैदानांची अवस्थाही फारशी निराळी नव्हती. तरीही पाकिस्तानने १९८४ चे लॉस एंजेलिस ऑलिंपिक आणि १९९४ चा सिडनी येथील विश्वचषक कृत्रिम हिरवळीवर जिंकला. समीउल्ला यांच्यासारख्या वेगवान विंगरच्या बळावर पाकिस्तानने बाजूने लांब पास देत जलद आक्रमण करण्याची पद्धत विकसित केली होती. चेंडू मैदानाच्या मध्यभागी गमावण्यापेक्षा बाजूरेषेजवळ गमावणे कमी घातक असते, कारण तेथे प्रतिस्पर्ध्यास एकाच दिशेने खेळता येते. कृत्रिम हिरवळ हे एकमेव कारण असते, तर ते दोन्ही देशांस सारखेच लागू पडावयास हवे होते. उलटपक्षी, मुंबईत भरलेल्या १९८२ च्या विश्वचषकात घरचे मैदान आणि घरचे प्रेक्षक असूनही भारत पाचव्या क्रमांकावर राहिला.

१९८२ : सात गोल आणि एक गोलरक्षक

त्याच वर्षी १ डिसेंबर रोजी दिल्लीत आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना झाला. कर्णधार झफर इक्बाल यांनी पेनल्टी स्ट्रोकवर पहिला गोल करून भारतास आघाडी मिळवून दिली. त्यानंतर पाकिस्तानने सात गोल केले आणि सामना ७-१ असा जिंकला.

या पराभवाचा दोष जवळजवळ संपूर्णपणे गोलरक्षक मीर रंजन नेगी यांच्या माथी मारण्यात आला. त्यांच्या निष्ठेवर संशय घेण्यात आला आणि भारतीय संघातील त्यांचे स्थान गेले. खेळाची रचना जाणणाऱ्या कोणासही हे स्पष्टीकरण अपुरे वाटेल. एखादा गोल गोलरक्षकाच्या चुकीने होऊ शकतो. सात गोल होतात तेव्हा गोलरक्षकापर्यंत चेंडू पुन्हा पुन्हा कसा पोहोचला, हा प्रश्न विचारावाच लागतो. पिछाडीवर पडल्यानंतर बरोबरी साधण्यासाठी संघ जितका पुढे झुकतो, तितकी त्याच्या मागील जागा मोकळी पडते. हसन सरदार, कलीमुल्ला यांच्यासारख्या आघाडीवीरांस अशा मोकळ्या जागेहून अधिक काही नको असते. परंतु मोकळ्या जागेचे नाव वर्तमानपत्रात छापता येत नाही, गोलरक्षकाचे छापता येते.

नेगी पुढे प्रशिक्षक म्हणून परतले. १९९८ मध्ये बँकॉक येथे धनराज पिल्ले यांच्या नेतृत्वाखाली भारताने आशियाई सुवर्णपदक जिंकले, तेव्हा ते संघाच्या गोलरक्षकांचे प्रशिक्षक होते. त्यांचे व्यक्तिगत पुनर्वसन झाले, असे म्हणता येईल. मात्र ज्या प्रश्नाचे उत्तर म्हणून त्यांना दोषी ठरवले गेले, तो प्रश्न तसाच राहिला. एका व्यक्तीस जबाबदार धरल्याने रचनेची चिकित्सा टळली, ही या घटनेची सर्वांत मोठी हानी होय.

नियमांची वाटचाल आणि वाढती किंमत

यानंतरच्या काळात हॉकीच्या नियमांत झालेले बदल एका दिशेने गेले, ते म्हणजे खेळ अखंड आणि वेगवान करण्याच्या. १९८७ मध्ये ऑफसाइडचा नियम गोलरेषेपासून पंचवीस यार्डांच्या क्षेत्रापुरता मर्यादित झाला. १९९६ पासून तो प्रायोगिक तत्त्वावर स्थगित करण्यात आला आणि १९९८ मध्ये कायमचा रद्द झाला. आता आघाडीचा खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या वर्तुळाजवळ वाट पाहत उभा राहू शकत होता. चेंडू हिसकावून घेणे आणि गोलाची संधी निर्माण होणे यांतील अंतर काही सेकंदांवर आले.

१९९० च्या दशकात खेळाडू कितीही वेळा बदलण्याची मुभा मिळाली. याचा परिणाम केवळ दमश्वासापुरता नव्हता. आघाडीच्या खेळाडूने चेंडू गमावल्यावर पूर्ण वेगाने मागे धावावे, ही अपेक्षा सत्तर मिनिटे खेळणाऱ्या खेळाडूकडून करणे अवघड होते. काही मिनिटांनी विश्रांती मिळणार असेल, तर ती रास्त ठरते. ऑस्ट्रेलियाने रिक चार्ल्सवर्थ यांच्यासारख्या प्रशिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली या मुभेचा पद्धतशीर उपयोग करून घेतला.

२००९ मध्ये फ्री हिट घेणाऱ्यास स्वतःच चेंडू पुढे नेण्याची परवानगी मिळाली. तोपर्यंत चेंडू गमावल्यावर मैदानाच्या मध्यभागी किरकोळ नियमभंग करून खेळ थांबवणे आणि तेवढ्या वेळात बचाव सावरणे, हा एक प्रचलित उपाय होता. नव्या नियमाने तोही बव्हंशी निरुपयोगी झाला. आता सावरण्यासाठी नियमांचा आधार उरला नव्हता. सावरायचे ते धावून आणि जागा ओळखूनच.

या पार्श्वभूमीवर धनराज पिल्ले यांच्या कारकिर्दीकडे पाहणे उद्बोधक ठरते. पुण्याजवळील खडकी येथून आलेल्या या खेळाडूने चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक स्पर्धांत भारताचे प्रतिनिधित्व केले. चेंडू घेऊन वेगाने मुसंडी मारण्याची त्यांची क्षमता वादातीत होती. परंतु त्यांच्या पिढीत भारताचा खेळ अशा वैयक्तिक मुसंड्यांवर अवलंबून राहिला. मुसंडी यशस्वी झाली तर गोल आणि अडवली गेली तर मागे विस्कळीत संघ, अशी स्थिती वारंवार निर्माण झाली. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये पोलंडविरुद्ध १-० अशी आघाडी असताना अखेरच्या मिनिटांत बरोबरीचा गोल स्वीकारावा लागला आणि उपांत्य फेरीची संधी हुकली. २०१४ च्या विश्वचषकात बेल्जियमविरुद्ध आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जर्मनीविरुद्ध भारताने अगदी शेवटच्या क्षणी गोल स्वीकारून सामने गमावले. जर्मनीचा गोल झाला तेव्हा सामना संपण्यास अवघी ३ सेकंद उरली होती. अशा पराभवांस आपण दुर्दैव म्हणतो. एकच प्रकारचे दुर्दैव वारंवार ओढवू लागले, की त्याचे कारण रचनेत शोधावे लागते.

दुसरा १-७

२५ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकच्या साखळी सामन्यात ऑस्ट्रेलियाने भारताचा ७-१ असा पराभव केला. आकडे १९८२ चेच होते. या वेळी मात्र घडले ते वेगळे. गोलरक्षक पी. आर. श्रीजेश यांच्यावर दोषारोप झाला नाही. प्रशिक्षक ग्रॅहम रीड यांनी त्यांच्यावरील विश्वास कायम ठेवला. संघ पुढील सामन्यांत सावरला, उपांत्य फेरीत पोहोचला आणि ५ ऑगस्ट रोजी कांस्यपदकाच्या सामन्यात जर्मनीविरुद्ध १-३ अशा पिछाडीवरून ५-४ असा विजयी झाला. अखेरच्या काही सेकंदांत जर्मनीस मिळालेला पेनल्टी कॉर्नर श्रीजेश यांनीच अडवला. ४१ वर्षांनंतर भारतास ऑलिंपिक पदक मिळाले.

२०२३ मध्ये प्रशिक्षकपदी आलेले क्रेग फुल्टन यांनी तर बचाव हाच विजयाचा पाया होय, अशी उघड भूमिका घेतली. ४ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व सामन्यात तिची कसोटी लागली. दुसऱ्या सत्राच्या आरंभी अमित रोहिदास यांना लाल कार्ड मिळाले आणि ग्रेट ब्रिटनविरुद्ध उर्वरित चाळीसहून अधिक मिनिटे भारतास दहा खेळाडूंनिशी खेळावे लागले. एक खेळाडू कमी असलेल्या संघाने चेंडू अधिक वेळ गमावणे अपरिहार्य असते. तरीही सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि भारताने शूटआउटमध्ये ४-२ असा विजय मिळवला. त्या दिवशी भारताने चेंडूविना कसे खेळावे, याचे प्रात्यक्षिक दाखवले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

अर्थात ही वाटचाल सरळ रेषेतील नाही. टोकियो आणि पॅरिस यांच्या दरम्यान, २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने भारतास ७-० असे हरवले होते. प्रश्न सुटला असे नव्हे. तो प्रश्न म्हणून ओळखला जाऊ लागला, एवढे निश्चित.

महाविद्यालयीन मैदानाच्या संदर्भात

प्रस्तुत लेखकाने काही वर्षे महाविद्यालयाच्या हॉकी संघाचा व्यवस्थापक म्हणून काम पाहिले आहे. सरावाची एक पद्धत त्या काळात सतत नजरेस पडे. खेळाडू रांगेत उभे राहत. प्रत्येकाने चेंडू घेऊन समोरील बचावपटूस चकवून जायचे. चेंडू निसटला, की त्या खेळाडूने मान खाली घालून रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहायचे. अनेक वर्षे या पद्धतीत काही वावगे आहे, असे वाटले नाही. आता तिचा अर्थ उमगतो. चेंडू गेला की आपले काम संपले, हीच शिकवण ती रांग देत होती. चेंडू गेला त्याच क्षणी खेळाडूने वळून त्याचा पाठलाग करावा, प्रतिस्पर्ध्यास आपल्या उजव्या हाताच्या, म्हणजे टॅकलला सोयीच्या बाजूस वळवावे आणि सहकाऱ्यांस परतण्यास दोन-तीन सेकंद मिळवून द्यावीत, यासाठी कृत्रिम हिरवळ लागत नाही. ते मुरमाच्या मैदानावरही शिकवता येते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. सुवर्णयुगातील भारतीय संघांचे यश केवळ आक्रमणाचे नव्हते. चेंडू गमावल्यावर तो परत मिळवण्याची एक परिणामकारक श्रमविभागणी त्यामागे होती, आणि तीस तत्कालीन ऑफसाइडचा नियम व मैदानाचे स्वरूप अनुकूल होते.

२. १९६० ते १९७३ या काळातील पराभव पाहता ऱ्हासाचा आरंभ कृत्रिम हिरवळीपूर्वीच झाल्याचे दिसते. कृत्रिम हिरवळीने आणि १९७२ ते २००९ या काळातील नियमबदलांनी चेंडू गमावण्याची किंमत टप्प्याटप्प्याने वाढवली. भारतीय खेळाची रचना या बदलांबरोबर बदलली नाही.

३. अपयशाचे कारण मैदानात अथवा एखाद्या व्यक्तीत शोधण्याच्या प्रवृत्तीमुळे रचनेची चिकित्सा लांबली. १९८२ आणि २०२१ या दोन समान गोलसंख्येच्या पराभवांना मिळालेला भिन्न प्रतिसाद हा या संदर्भात विशेष अभ्यसनीय आहे.

४. क्रीडा-इतिहासाच्या अभ्यासकांनी गोलफलकापलीकडे जाऊन नियम, मैदान आणि संघरचना यांच्या परस्परसंबंधाचा अभ्यास करणे अगत्याचे आहे.

आपल्या हॉकीच्या इतिहासात ध्यानचंद यांच्या स्टिकला चेंडू चिकटून राहत असल्याच्या कथा आदराने सांगितल्या जातात, आणि त्या सांगितल्या जाव्यात. पण चेंडू कोणाच्याही स्टिकला कायम चिकटून राहत नाही. तो सुटल्यावर जे घडले, तोही आपलाच इतिहास आहे. तो लिहिला गेला, तर पुढील पराभवानंतर दोषी शोधण्याऐवजी आपण कारण शोधू, अशी आशा बाळगण्यास हरकत नाही.